गुगलचा पुढचा फेरबदल येण्याआधी दुकानाची वेबसाइट अशी तयार ठेवा

२०२४ च्या मार्चमध्ये आमच्या कोल्हापुरातल्या चपलांच्या दुकानाच्या वेबसाइटवरून येणारी गिऱ्हाइकं आटली. त्याआधी सकाळी शटर वर केलं की व्हॉट्सॲपवर दोन-चार चौकशा पडलेल्या असायच्या, पुण्याच्या, मुंबईच्या, कधी थेट नागपूरच्या. मार्च संपत आला तशा त्या बंद झाल्या. आधी वाटलं, मार्चअखेर आहे, लोकांच्या हातात पैसा नाही. पण एप्रिलची लग्नसराई सुरू झाली तरी तेच. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एके दिवशी विचारलं, "अगं, ते नेट बंद पडलंय का काय?" नेट चालू होतं, साइट उघडत होती. गुगलवर ती दिसायची मात्र थांबली होती.

५ मार्च २०२४ ला गुगलनं शोधनिकालांच्या क्रमवारीत मोठा फेरबदल सुरू केला होता. याला कोअर अपडेट म्हणतात. तो पुरा व्हायला ४५ दिवस लागले. त्याच्याबरोबरच घाऊक प्रमाणात पानं तयार करून गुगल भरवण्याविरुद्ध नवा नियमही आला. आमच्या साइटवर एका एजंटानं 'कोल्हापुरी चप्पल पुणे', 'कोल्हापुरी चप्पल नाशिक' अशी गावागणिक पानं करून ठेवली होती. गावाचं नाव तेवढं बदललेलं, बाकी मजकूर तोच. दोन-तीन वर्षं ती पानं गिऱ्हाईक आणत होती, म्हणून आम्ही कधी उघडून वाचलीसुद्धा नाहीत.

हे निस्तरायला मला वर्ष लागलं. त्यानंतर महाद्वार रोडपासून शाहूपुरीपर्यंत ओळखीच्या बऱ्याच दुकानदारांच्या साइट मी बघितल्या, आणि सगळीकडे त्याच त्या चुका सापडल्या. म्हणून हे क्रमानं लिहून काढते आहे. उदाहरणं चपलेची आहेत, पण तुम्ही गूळ विका, कांदा-लसूण चटणी विका, साज-ठुशी विका नाहीतर उद्यमनगरातून कास्टिंग पाठवा, पायऱ्या त्याच.

पुढचा बदल कसला असेल याचा अंदाज बांधत बसू नका. २०११ मध्ये पांडा नावाचा बदल आला, त्यात उथळ मजकुराच्या साइट खाली गेल्या. २०१२ मध्ये पेंग्विन आला, त्यात दुसऱ्या साइटवरून विकत घेतलेल्या लिंकांच्या जोरावर वर आलेल्या गेल्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या पानांना फटका बसला, २०२१ मध्ये पानाचा वेग आणि स्थिरता मोजायला सुरुवात झाली, २०२२ मध्ये फक्त गुगलसाठी लिहिलेल्या मजकुराची पाळी आली. प्रत्येक वेळी बुडाले ते त्या काळातल्या एखाद्या युक्तीवर उभे असलेले. त्यामुळे तयारी दोनच गोष्टींची करायची: गिऱ्हाईक काउंटरवर जे विचारतं त्याचं खरं उत्तर साइटवर असावं, आणि साइटच्या किल्ल्या, नोंदी आणि गिऱ्हाइकांशी असलेला संबंध आपल्या हातात असावा. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच आल्या आहेत.

सुरू करण्याआधी हे जमवा

- डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, लॉगिन आणि त्याची मुदत संपण्याची तारीख
- होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथं साठवली आहे त्या जागेचं, लॉगिन
- साइट ज्यावर बनवली आहे त्याचं, वर्डप्रेस किंवा जे काही वापरत असाल त्याचं, ॲडमिन लॉगिन
- दुकानाच्या नावाचं एक जीमेल खातं, जे मालकाच्या फोनवर उघडतं
- गुगल सर्च कन्सोल (ते काय, हे दुसऱ्या पायरीत येईल) आणि बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल आणि त्याच्या नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, दोन्ही त्याच खात्यावर (दोन्ही फुकट आहेत)
- दुकानाचा परवाना, लाईट बिल, जीएसटी असल्यास त्याचं प्रमाणपत्र. प्रोफाइलच्या पडताळणीत कधी कागद मागतात
- एक शंभरपानी वही आणि पेन. वहीचं काम पुढं येईल.

१. किल्ल्या आधी ताब्यात घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथं असतो. साइट करून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो, होस्टिंग स्वतःच्या खात्यात ठेवतो. मनात वाईट असतं असं नाही, सोयीचं असतं म्हणून. पण तो उद्या बेंगळुरूला नोकरीला गेला की नूतनीकरणाचा ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जातो आणि डोमेन सुटतं. सुटलेली जुनी डोमेनं उचलून त्यावर भलताच मजकूर टाकणारे लोक असतात. २०२४ च्या मार्चमध्ये गुगलनं त्यांच्याविरुद्धही नियम केला, पण तुमचं नाव तोवर गेलेलं असतं.

आज संध्याकाळीच विचारा: डोमेन कुणाच्या नावावर आहे? नोंदणीतलं मालकाचं नाव आणि ईमेल दोन्ही तुमचं हवं. ऑटो-रिन्यूअल चालू ठेवा आणि त्यावर भरवसा न ठेवता मुदतीची तारीख कॅलेंडरवरही लिहा. कार्ड बदललं की ऑटो-रिन्यूअल गप्प बसतं.

दुसऱ्याच्या जागेवर घर बांधू नका. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत एक फुकट साइट मिळायची. ती सोय गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांची तेवढी एकच साइट होती, त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता कुचकामी झाला.

२. सर्च कन्सोल जोडा आणि नोंदी जमवायला लागा

सर्च कन्सोल म्हणजे गुगलनं तुमच्या साइटसाठी ठेवलेला जमाखर्च. कुठल्या शब्दांवर साइट दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी उघडली, सगळं तिथं कळतं. जोडताना दोन पर्याय येतात. त्यातला डोमेनचा पर्याय घ्या. त्यासाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये टीएक्सटी नावाची एक नोंद टाकावी लागते. जमत नसेल तर डोमेनवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावा, सांगतात. दुसरा पर्याय सोपा दिसतो, पण त्यात साइटचा एकच पत्ता धरला जातो, आणि उद्या पत्त्यात काही बदललं की आकडे तुटतात.

इथं एक अडचण आहे. सर्च कन्सोल फक्त मागच्या १६ महिन्यांचा हिशोब दाखवतो. त्याच्या मागचं पुसलं जातं. म्हणून दर महिन्याला आकडे एक्सपोर्ट करून ठेवा. आणि त्याच्याशेजारी वहीत तारखेनिशी लिहा: आज नवीन थीम लावली, आज भाव बदलले, आज अमुक पान काढलं, आज गुगलनं अपडेट जाहीर केलं.

वही कशाला, ते एका उदाहरणावरून सांगते. जून-जुलैत कोल्हापुरी चपलेचा शोध दरवर्षी उतरतो, कारण पावसात ती कुणी घालत नाही. माझ्या ओळखीच्या एकानं जूनमधला उतार बघून घाबरून सगळी साइट नव्यानं करून घेतली, पैसे गेले आणि चालती पानंही गेली. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. पण तीही आंधळेपणानं नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारख्या चपला दिसल्या, देशभर गदारोळ झाला, आणि ऐन पावसाळ्यात लोक कोल्हापुरी चप्पल शोधायला लागले. त्या जूनशी पुढच्या जूनची तुलना केली तर धडधाकट साइटही आजारी वाटेल. हे असलं गुगलचा तक्ता सांगत नाही, तुमची वही सांगते. गुळवाल्यांचा हंगाम वेगळा, राखी-दिवाळीच्या मालाचा वेगळा. आपापला हंगाम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आकडे बघताना दुकानाच्या नावानं आलेले शोध आणि मालाच्या नावानं आलेले शोध वेगळे काढा. क्रमवारी बदलली की दुसऱ्या प्रकारचे हलतात. पहिले कमी झाले असतील तर कारण गुगलमध्ये शोधू नका, दुकानात शोधा.

३. गुगलला तुमचं पान वाचता येतं का, ते तपासा

सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत तुमच्या पानाचा पत्ता टाका. ते पान गुगलच्या यादीत आहे की नाही, हे लगेच समजतं. नसेल तर खालची कारणं एकेक करून बघा.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये, रीडिंग या भागात, शोधयंत्रांना साइट यादीत घेऊ नका असं सांगणारा एक चौकोन असतो. साइट बनवताना त्यावर टिक करतात आणि सुरू करताना काढायला विसरतात. मी बघितलेल्या साइटपैकी दोन अशाच निघाल्या. त्यातली एक दीड वर्ष तशीच होती.

मराठी साइटवाल्यांसाठी खास सूचना. युनिकोड येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तुम्हाला पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. गुगलला ती खिचडीच दिसते. तपासायचं कसं? पानावरची एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मराठीच उमटली तर ठीक, नाहीतर पान नव्यानं टाइप करावं लागेल. तसंच भावफलक, मापांचं कोष्टक, ऑफर, हे सगळं फ्लेक्ससारखं चित्र करून लावायची आपल्याकडे सवय आहे. चित्र राहू दे, पण तोच मजकूर खाली अक्षरांत लिहा.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या असतील तर त्यांचे पत्ते वेगवेगळे ठेवा, एकाच पानावर मिसळू नका. आणि भाषांतर यंत्राकडून करून घेतलंत तर माणसानं वाचल्याशिवाय चढवू नका. आमच्या जुन्या इंग्रजी पानावर चपलेच्या 'काना'चा, म्हणजे बाजूच्या पट्टीचा, शरीराचा कान झाला होता, आणि 'अंगठा' पायाचा न राहता हाताचा झाला होता. मुंबईच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, तेव्हा आम्हाला ते कळलं.

४. अडगळ काढा, पण दार मोडू नका

आता आमच्या त्या गावोगावच्या पानांकडे येते. अशा पानांना डोअरवे पानं म्हणतात: आतमध्ये काही नाही, फक्त दारं. मी प्रत्येक पान उघडून एकच प्रश्न विचारला. नाशिकच्या माणसाला या पानावर असं काय मिळतं, जे मुख्य पानावर मिळत नाही? उत्तर सगळीकडे 'काही नाही' असं आलं. पुण्याचं पान तेवढं ठेवलं, कारण पुण्यात आमचा माल एका दुकानात खरोखर मिळतो. त्यावर त्या दुकानाची वेळ आणि चपलेचे कुठले प्रकार तिथं असतात ते लिहिलं.

बाकी पानं काढताना काही गोष्टी ध्यानात ठेवा.

ज्या पानाला जवळचं दुसरं पान आहे, तिथं ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पानावर जातो. ते निदान वर्षभर ठेवा, जमलं तर कायम. सगळीच पानं मुख्य पानाकडे वळवू नका. गुगल त्याला पान नसल्यासारखंच धरतं आणि गिऱ्हाईकही गोंधळतं. ज्याला जवळचं काहीच नाही, ते सरळ पुसा.

सर्च कन्सोलमध्ये पान काढून टाकायची विनंती करता येते, पण ती साधारण सहा महिन्यांपुरती असते. पान साइटवर तसंच ठेवलंत तर ते परत येतं.

आणखी एक चूक मी स्वतः केली. पानावर नो-इंडेक्सची, म्हणजे हे पान यादीत घेऊ नका अशी, खूण लावली आणि वर रोबोट्स फाइलमध्येही, म्हणजे कुठं यायचं नाही हे गुगलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, ते पान गुगलला बंद केलं. दोन कुलपं म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटलं. पण दार बंद असल्यावर गुगल आत येऊन खूण वाचणार कशी? पानं यादीत तशीच लटकत राहिली. दोन्हीपैकी नो-इंडेक्सच लावा आणि दार उघडं ठेवा.

साइटचं डिझाइन बदलताना पानांचे पत्ते शक्यतो बदलू नका. बदलावेच लागले तर जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी दोन रकान्यांची यादी डिझाइनरकडून आधी लिहून घ्या, मगच पैसे द्या.

५. काउंटरवरचे प्रश्न साइटवर आणा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. माझं जे काही परत आलं, ते यातून आलं.

ती वही काउंटरवर ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, आपल्या भाषेत सुधारून नाही. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात हे आलं: "पावसात चालती का?" "नवी चावतीय, काय करू?" "मी आठ नंबरचा बूट घालतो, ह्यात कितीची घेऊ?" "कापशी आणि कुरुंदवाडीत फरक काय?" (हे चपलेचे प्रकार) "करकर वाजणारी मिळंल का?" "तेल कुठलं लावायचं?" "हे चामडंच आहे हे कसं वळखायचं?" आमच्या साइटवर तोवर काय होतं, तर 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, ग्राहकांचा विश्वास'. एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

सुरुवात मापाच्या पानापासून केली, कारण पार्सल परत येण्याचं मुख्य कारण तेच होतं. मामा दुकानात माप कसं घेतात ते मी शेजारी बसून बघितलं. कोरा कागद जमिनीवर. त्यावर पाय ठेवून उभं राहायचं, बसून नाही, कारण वजन पडलं की पाय पसरतो. पेन्सिल काटकोनात उभी धरून पायाच्या कडेनं फिरवायची. ती तिरकी झाली की रेघ पायाच्या आत जाते आणि माप दोन सूत कमी भरतं. मग टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं. सगळ्यात लांब, अंगठाच असं नाही. पुष्कळ जणांचं दुसरं बोट पुढं असतं. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. शक्यतो संध्याकाळी मोजायचं, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. आणि मामांचा शेवटचा सल्ला: पहिल्या दिवशी थोडी घट्ट वाटली पाहिजे, चामडं वापरानं पायाच्या आकाराला येतं, पहिल्याच दिवशी सैल झाली तर ती पुढं टिकत नाही.

हे जसंच्या तसं लिहिलं. मामांच्या हातांचे चार फोटो काढले, कागद, पेन्सिल, फूटपट्टी दिसेल असे. खाली आमच्या मापांचं कोष्टक सेंटिमीटरमध्ये, अक्षरांत. पानाच्या वर लिहिलं की हे माप कोण सांगतंय आणि तो माणूस किती वर्षं या कामात आहे. माप चुकून परत येणारी पार्सलं कमी झाली, आणि पुढच्या काही महिन्यांत हेच पान आमच्या साइटवर सगळ्यात जास्त उघडलं जायला लागलं.

गुगल आपल्या परीक्षकांना पान तपासताना कौशल्य, अधिकार, विश्वासार्हता बघायला सांगतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यात अनुभवाची भर पडली, म्हणजे लिहिणाऱ्यानं ते काम स्वतः केलं आहे का. कोल्हापूरच्या दुकानदाराकडे हे मुबलक आहे. गुऱ्हाळवाल्याला ठाऊक असतं की काहिलीतून गूळ कधी उतरवायचा. चटणीवालीला ठाऊक असतं की कांदा कितपत वाळला म्हणजे चटणी खराब होत नाही. ते कुणी लिहीत नाही, आणि एजंट तर लिहूच शकत नाही.

लिहिताना शब्दांची काळजी घ्या. गावाकडचा माणूस 'पायताण' म्हणेल, पुण्याचा 'कोल्हापुरी', बाहेरचा रोमन लिपीत शोधेल. हे शब्द पानात जिथं बोलण्यात येतात तिथं आपोआप येऊ द्या. एकाच वाक्यात सगळे कोंबलेत तर वाचणाऱ्याला किळस येते.

दरवर्षी एकदा प्रत्येक पान उघडून जे जुनं झालं ते दुरुस्त करा, मुख्यतः भाव. नुसती तारीख बदलून पान ताजं दाखवू नका.

६. मोबाइल आणि वेग

तुमची साइट स्वतःच्या दुकानातल्या वायफायवर बघू नका. रंकाळ्यावर गर्दीच्या संध्याकाळी, मोबाइलच्या नेटवर, साध्या फोनवर उघडा. गुगल आता पानाची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच धरतं.

गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या फुकट साधनात पत्ता टाकला की तीन आकडे मिळतात. पानाचा मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त नको. बोट लावल्यावर पान २०० मिलिसेकंदांत हललं पाहिजे. ही मोजणी मार्च २०२४ पासून आली. आणि पान उघडताना मजकूर खालीवर उडण्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या नादी लागू नका, त्यानं क्रमांक वाढत नाही.

नव्वद टक्के दुखणं फोटोंचं असतं. मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी प्रकारात साठवा, दोनशे केबीच्या आत बसवा. एक दुपार लागते.

७. दुकान खरं आहे, हे दिसू द्या

साइटवर पूर्ण पत्ता, फोन, वेळ, परतीचे नियम, दुकानाचा बाहेरून फोटो आणि दुकान चालवणाऱ्या माणसांची नावं असू द्या. पत्ता साइटवर, बिझनेस प्रोफाइलवर आणि बिलावर एकसारखा लिहा. राजारामपुरीत असाल तर गल्ली क्रमांक सगळीकडे एकाच पद्धतीनं.

प्रोफाइलच्या पडताळणीसाठी हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. एकाच सलग चित्रणात रस्ता, दुकानाची पाटी, आतला माल आणि तुम्ही स्वतः शटर किंवा गल्ला उघडताना, एवढं दाखवा. तुकडे जोडलेला व्हिडिओ नाकारला जातो. प्रोफाइलमध्ये नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढं 'कोल्हापुरातील नंबर एक होलसेल' असं जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

रिव्ह्यू विकत घेऊ नका, आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सूटही देऊ नका, दोन्ही नियमाबाहेर आहे. माल आवडला म्हणणाऱ्याला तिथंच विनंती करा.

ज्या गोष्टींचा अभिमान आहे त्या अचूक लिहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते आठ जिल्ह्यांना मिळालं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अनेक साइटवर फक्त कोल्हापूर लिहिलेलं असतं. तसंच मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक दुकान आपोआप 'अधिकृत' होत नाही. अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. केली असेल तर क्रमांकासह लिहा, नसेल तर लिहू नका.

८. फोनवरून येणाऱ्या आमिषांपासून जपा

"मॅडम, एका महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो." पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. "हजार लिंक देतो." विकतच्या लिंकांचं काय होतं ते २०१२ पासून दिसतं आहे. "प्रश्नोत्तरांचा स्कीमा लावून देतो, निकालात मोठे दिसाल." स्कीमा म्हणजे पानात काय आहे ते गुगलला सांगणारा कोड. प्रश्नोत्तरं निकालात दाखवायची सोय गुगलनं ऑगस्ट २०२३ मध्येच नामांकित सरकारी आणि आरोग्याच्या साइटपुरती मर्यादित केली. मालाची किंमत, उपलब्धता आणि दुकानाची माहिती यांचा स्कीमा मात्र जरूर लावा.

लिंक मिळवायची तर ओळखीतून मिळवा. तुमचा माल ठेवणारं पुण्याचं दुकान, ज्या प्रदर्शनात स्टॉल लावला त्यांची साइट. दोन-चारच होतील, पण टिकतील.

९. एआयची उत्तरं वर आली आहेत, त्याचं काय?

२०२४ च्या ऑगस्टपासून भारतात गुगल बऱ्याच प्रश्नांना वरच एआयनं तयार केलेलं उत्तर देतं, खाली साइटची यादी. 'कोल्हापुरी चप्पल म्हणजे काय' अशा प्रश्नासाठी आता फार कमी लोक साइट उघडतील, हे मान्य करून टाका. पण 'सव्वीस सेंटिमीटर पायाला कापशी कितीची घेऊ, आणि रविवारी दुकान उघडं असतं का' याला माणूस तुमच्यापर्यंत येतोच. सामान्यज्ञानाची पानं वाढवण्यापेक्षा माप, भाव, दुरुस्ती, पोचवायला लागणारे दिवस, तुमच्याकडचाच माल यावर लिहा.

यासाठी कुठलाही खास कोड लावावा लागत नाही, असं गुगलनं स्पष्ट केलं आहे. तसा कोड विकणारे आले तर परत पाठवा. आणि रागानं गुगलचा बॉट, म्हणजे साइट वाचणारा प्रोग्राम, बंद करू नका, एआयबरोबर साध्या निकालातूनही बाहेर पडाल.

१०. दुसरी वाट मोकळी ठेवा

बिल करताना विचारा, "नवीन माल आला की व्हॉट्सॲपवर कळवू का?" हो म्हणाले तरच नंबर घ्या आणि महिन्यातून एकदाच पाठवा. पार्सलमध्ये साइटचा पत्ता छापलेली चिठ्ठी टाका. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात आमचं दुकान तगलं ते मामांच्या जुन्या वहीतल्या फोन नंबरांवर. मी एकेकाला फोन करत होते, आणि लोक ओळख ठेवून होते.

११. बदल आला त्या दिवशी

गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर अपडेट सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असते. ती वहीत उतरवा, आणि तो चालू असेपर्यंत साइटला हात लावू नका. संपल्यावर आणखी एक आठवडा थांबा. मग तो आठवडा आणि अपडेट सुरू होण्याआधीचा आठवडा शेजारी ठेवून बघा: कुठली पानं पडली, कुठल्या शब्दांवर पडली. दुसऱ्याचं तिसऱ्या जागेवर आलं असेल तर सोडून द्या. पहिल्या पानावरचं पार मागं गेलं असेल तर ते पान वाचा आणि आता वर आहेत तीही वाचा, गिऱ्हाईक होऊन.

सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शन नावाचा भाग बघा. तिथं काही नसेल तर तुमच्यावर दंड नाही, फेरतपासणीचा अर्जही करता येत नाही, त्यामुळे 'पेनल्टी काढून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. सुधारणा केल्यावर फरक दिसायला महिने लागतात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. आम्ही मे महिन्यात पानं काढली, मापाचं पान जुलैत चढवलं, आणि नागपूरचा पहिला फोन परत आला तो दिवाळीच्या तोंडावर.

दर महिन्याच्या १ तारखेला मी दुकानात अर्धा तास आधी जाते. आकडे एक्सपोर्ट करते, वहीतले महिन्याभरातले प्रश्न वाचते, आणि ज्याचं उत्तर साइटवर नाही असा एक प्रश्न निवडून मामांच्या पुढ्यात बसते. ते हातातलं काम न थांबवता सांगतात, मी लिहून घेते. गेल्या वेळचा प्रश्न होता, चपलेवरची वेणी, म्हणजे चामड्याची गुंफण, सुटली तर घरी बांधता येते का.